भरतीरेषा

रात्रीचे पावणेदोन. कुलाब्यात, तिसऱ्या मजल्यावर,
चार उपग्रहांनी परवा दुपारी जे पाहिलं
ते आत्ता कुठे पडद्यावर उतरतंय.
इनास डाबरे चहावर बशी झाकून म्हणतो,
"बघ, परत आत आले."

आत म्हणजे आपल्याकडे.
पासष्ट हजार किलोमीटरवर, सूर्याच्या अंगाला,
जिथे पृथ्वीचं चुंबकत्व वाऱ्याला छाती देऊन उभं असतं,
त्याच्या अलीकडे.
इथला प्लाझ्मा विरळ आणि तापलेला,
पलीकडचा दाट, त्यामानाने गार, सतत धुसफुसणारा.
घनतेची रेघ कोसळते, तापमानाची चढते,
क्षेत्राचा बाण दक्षिणेकडून गर्रकन उत्तरेला,
आणि मी वहीत लिहिते: ओलांडली.
चार मिनिटांनी, ओलांडली.
दीड मिनिटाने, ओलांडली.
अकरा मिनिटांत सात वेळा.

नवी होते तेव्हा वाटायचं, किती ही ये-जा यांची.
पण ते बिचारे कक्षेच्या टोकाला रेंगाळत असतात.
हलते ती हद्द.
वारा रेटतो तशी आत, सैल पडतो तशी बाहेर,
त्यांच्या अंगावरून.
एकट्याला हे कळायचं नाही.
तो म्हणेल, मी गेलो, मी आलो.
म्हणून चार. तिघं एका पातळीत, चौथा त्याबाहेर.
कुणाला आधी लागलं, कुणाला मागाहून,
त्या क्षणभराच्या उशिरातून काढायचं
हद्द कुठून आली, किती घाईत होती.

अण्णा भूमापनात होते.
गोराई, माहूल, मढ. हातात साखळी,
मागे खुंट्यांची मोळी घेतलेला ज्ञानू.
समुद्र कुठे संपतो तेवढं लिहून द्या, साहेब सांगायचे.
अण्णा चपला काखेत मारून
उधाणाच्या दिवशी चिखलात उभे, पोटरीपर्यंत.
सकाळी ठोकलेली खुंटी संध्याकाळी पाण्यात डोलायची.
"समुद्रावर नोटीस बजावता येत नाही गं,"
घरी येऊन पाय धुताना म्हणायचे, हसत नव्हते.

माहूलला एकदा रेघ एका म्हातारीच्या ओट्यावरून गेली.
पोशीबाय. बोंबील उलटेपालटे करत बसलेली.
म्हणाली, "मास्तर, मी जागची हाललेली नाय. तसं लिव."
नकाशाला तसा रकाना नव्हता.

याच कुलाब्यात पूर्वी चुंबकसुया टांगलेल्या असायच्या.
विजेची ट्राम येणार ठरलं
आणि त्यांना बाडबिस्तऱ्यासह अलिबागला धाडलं;
शहराच्या धडधडीत त्यांना पृथ्वी ऐकू येईना.
कोण कुणाला सरकवतं, याच्या नोंदी आम्ही फार जपून ठेवतो.

दोन वाजून दहा. सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये
काहीतरी फुटलं.
सूर्याकडून आलेल्या रेषा आणि आपल्या रेषा,
एकमेकींना पाठमोऱ्या, दाबून दाबून इतक्या जवळ
की दोन्ही तुटल्या, आणि तुटलेली टोकं
भलत्याच टोकांना जुळली.
आता त्या रेषेचा एक पाय ध्रुवाजवळच्या बर्फात,
दुसरं टोक वाऱ्यात फडफडतंय.
तिला कुणाची म्हणायची?
सांध्यातून प्लाझ्मा सुटला, गोफणीतून सुटावा तसा.
पहिल्याने पाहिला. दुसऱ्याने. तिसऱ्याने.

चौथ्याची रेघ सपाट.

"मेला तो," इनास म्हणाला. "वगळून टाक, आलेख साफ येईल."
मी तपासलं. मेला नव्हता.
फक्त नऊ किलोमीटर अलीकडे होता, घरातच,
कुलाब्यापासून दादर जेमतेम तेवढं.
त्याच्यापर्यंत काही आलंच नाही.
तो विरळ, तापलेल्या शांततेत मोजत राहिला,
सेकंदाला शेकडो वेळा, नेमाने,
की काही झालेलं नाही.

अहवालात वेळ, स्थान, वेग, दिशा,
ओलांडली की नाही.
याला रकाना नव्हता.
समासात लिहिलं: चौथा जागचा हललेला नाही.

इनासने वाचलं, बशी उचलली, चहा कधीचा गार.
"हे कोण बघणार?"
खाली ससून डॉकवर बर्फ फोडायला लागले होते.